मारबतेभाऊंचे चिंचोके

आकडा लहान झाला की मारबतेभाऊंना आनंद व्हायचा. साऱ्या जगाला आकडा मोठा झालेला आवडतो. धानाचा उतारा असो, पोराचे मार्क असोत की जत्रेतली गर्दी. या माणसाचं उलटं. डॉक्टरसाहेबांनी कागदावर साठ लिहिले की हे त्याचे चोवीस करून आणायचे आणि वर विचारायचे, "साहेब, अजून एक कमी होते का पाहू का?"

साठ म्हणजे साठ गिनीपिग. चांद्याच्या बाहेर, बल्लारपूरच्या रस्त्याला, लढाईच्या काळातल्या दोन रिकाम्या बराकी होत्या. त्यांत आमचं केंद्र होतं. एका बराकीत आम्ही बसायचो, दुसरीत जनावरं. जंगलातले वैदू सापाच्या विषावर जी झाडपाला-मुळी देतात, तिच्यात काही तथ्य आहे का, हे तपासायचं आमचं काम. वाळवलेलं विष मुंबईहून बाटलीतून यायचं, ते जनावराला टोचायचं आणि मुळीने ते वाचतं का ते पाहायचं. चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला होता, त्यामुळे उरलेला वेळ जुने शिक्के खोडून नवे मारण्यात जायचा. मी तिथे प्रयोगशाळा सहायक होतो. वय चोवीस, स्वतःबद्दलचं मत फार चांगलं.

मारबतेभाऊ आमचे सांख्यिकी सहायक. या हुद्द्याचा अर्थ केंद्रात कोणालाच धड ठाऊक नव्हता. जनावरांना गवत घालणाऱ्या लच्चूबाईची समजूत अशी, की हे सरकारतर्फे जनावरं मोजायला आलेत, म्हणून ती त्यांना 'गिनतीवाले भाऊ' म्हणायची. त्यांनी ती समजूत कधी दुरुस्त केली नाही. उंच, हाडकुळा माणूस, पांढरा पायजमा, सदऱ्याच्या खिशात दोन पेन्सिली. पेन कधीच नाही. "गनित शाईनं करू नये बाबू, गर्व चढते," म्हणायचे. टेबलावर हाताने फिरवायचं गणनयंत्र होतं. त्याची मूठ ते दळण दळल्यासारखी संथपणे फिरवत आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत. मला आधी वाटलं जप करतात. जवळ जाऊन ऐकलं तर हातचे मोजत होते.

जातीने ढीवर. वैनगंगेच्या काठी, चामोर्शीकडे, मार्कंड्याच्या देवळापासून कोसभर अंतरावर त्यांचं गाव. बाप अजून जाळं टाकायचा. त्या घरातून हा पोरगा नागपूरला जाऊन गणित शिकून आला, याचं गावाला कौतुक होतं. स्वतः मारबतेभाऊंना मात्र कौतुक फक्त एका गोष्टीचं, मासे. डब्यात रोज मासे. डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, अंडंसुद्धा न खाणारे. त्यांनी एकदा वास सहन न होऊन विचारलंच, "मारबते, रोज मासे मारून खाता, मग माझ्या गिनीपिगांचा एवढा कळवळा कशाला?"

"मासा खातो साहेब, फेकत नाई," मारबतेभाऊ म्हणाले. "मारून फेकाचंच असन, तं मोजून माराव."

साहेबांना राग आला नाही. ते मनाने वाईट नव्हते. पण घाबरट होते, हे मारबतेभाऊंनी माझ्याआधी ओळखलं. साहेबांना मुळी द्यायची तीस आणि न द्यायची तीस जनावरं हवी होती. मारबतेभाऊंनी यंत्र फिरवून बारा-बारा सांगितले. साहेब म्हणाले, "लोक विचारतील, एवढ्याशांवरून कसं सांगता?"

"साहेब, जास्त घेतले का तुमाले धीर येते. पन धीर येन वेगळं आन उत्तर येन वेगळं," मारबतेभाऊ म्हणाले. "एका वयाचे घ्या, वजन लिहून ठेवा, आन कोन कोनत्या पिंजऱ्यात जाईन ते नशिबाले ठरवू द्या. आपल्या हातानं ठरवू नका. मंग बारा-बारात भागते."

नशिबाने ठरवायचं म्हणजे चिंचोक्यांनी. कागदाच्या चिठ्ठ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणायचे, घडी बोटाला कळते. त्यांनी स्वतः एकसारखे साठ चिंचोके निवडले होते, त्यांवर चुन्याने आकडे घातले होते आणि ते डालड्याच्या डब्यात ठेवले होते. जनावरांच्या पाठीवरही रंगाने आकडे. डब्यात हात घालायचा, सतरा आला तर सतरा नंबरचा गिनीपिग शोधायचा आणि पहिल्या पिंजऱ्यात टाकायचा. पुढचा चिंचोका, तो दुसऱ्या पिंजऱ्यात. ऐकायला सोपं. पण मोठ्या कुंपणात साठ बिनशेपटीचे उंदीर एकमेकांच्या अंगावर चढताहेत, रंग पुसट झालाय आणि तुम्हाला सतराच हवाय. चोवीस जनावरं काढायला दोन तास लागायचे. मी आणि लच्चूबाई घामाघूम व्हायचो. मारबतेभाऊ कुंपणाला टेकून उभे, एखादा जास्तच धडपडला की म्हणायचे, "हळू. तो काई आपल्या नोकरीत नाई."

आम्ही त्यांची टिंगल खूप केली, हेही सांगून टाकतो. साहेबांच्या घरच्या पंगतीत जिलब्या वाढत असताना मी ओरडलो होतो, "मारबतेभाऊंना विचारा, एक कमी होते का?" पंगत हसली. तेही हसले आणि म्हणाले, "जिलबी वाढवा, तिले जीव नाई."

तर त्या साली महाशिवरात्र होऊन गेली होती, मार्कंड्याची जत्रा अजून भरात होती. मारबतेभाऊ सुट्टी घेऊन आधीच गावी गेले होते. जाताना मला सांगून गेले, "वसंतबाबू, तुमी बी या. उपास सुटला का मासे खाऊ. फकत निघाच्या दिवशी सकाळी नव्या मुळीचे चोवीस काढून या. तीन दिवस लच्चूबाई मुळी पाजन, तुमी परत आले का मंग विष."

ती मुळी भामरागडकडच्या एका वैदूने दिलेली, आणि साहेबांचा तिच्यावर फार जीव. त्या सकाळी मी कुंपणात उतरलो तेव्हा मूल गावाकडे जाणारी मोटार सुटायला तासभर होता. ती चुकली की जत्रा गेली. मी पहिला चिंचोका काढला. एकेचाळीस. एकेचाळीस काही सापडेना. पाव तास गेला. मी डबा बाजूला ठेवला आणि हाताला येईल तो गिनीपिग उचलायला लागलो. पहिले बारा दाराजवळच्या पिंजऱ्यात. ते न पाजायचे. पुढचे बारा आतल्या पिंजऱ्यात. ते पाजायचे. तराजूवर भराभर वजनं घेतली आणि लिहिली. अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

लच्चूबाई गवताचा भारा घेऊन उभी होती. "बाबू, चिंचोके तं डब्ब्यातच राह्यले," ती म्हणाली.

"राहू दे. नशीबच आहे ना, हाताचं काय नि चिंचोक्याचं काय," मी म्हणालो आणि धावत मोटार गाठली.

मूलपर्यंत मोटार, पुढे बैलबंडी, मग नदीत डोंगा. मारबतेभाऊ पलीकडच्या काठावर धोतर खोचून गुडघाभर पाण्यात मला घ्यायला उभे होते. मार्कंड्याची जत्रा त्यांनी मला हाताला धरून दाखवली, देवळावरच्या मूर्ती दाखवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे वडील जाळं टाकायला निघाले, तेव्हा आम्हीही गेलो. म्हाताऱ्याने जाळं ओढलं. मी उगाच बोलायचं म्हणून म्हणालो, "बाबा, नदीत या जातीचे मासे फार दिसतात."

म्हातारा हसला. "बाबू, जाळ्यात आला तो मासा नदीची गोठ सांगत नाई, जाळ्याची सांगते. म्हातारा, दुखनाईत, पोटात अंडे धरलेला, हे आधी येते. चपळ हाये तो तिकडूनच आपल्याले पाहून राह्यला."

मारबतेभाऊंना एवढा आनंद झाला की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ऐकलं का? नागपूरले आमच्या प्रोफेसरानं हे शिकवाले मयना लावला. बाबानं मले सात वरसाचा होतो तवा सांगतलं." आणि मग सहज, जाळ्यातली शिंगाडा मासळी सोडवता सोडवता, "तुमी चिंचोक्यानंच काढले ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यावेळी काहीही बिघडलं नव्हतं. एकही जनावर मेलं नव्हतं. पिंजऱ्यांतले चोवीस पुन्हा कुंपणात सोडले असते, दोन तास घाम गाळला असता, संपलं असतं. पण त्यांच्या वडिलांसमोर, पाहुणा म्हणून, खोटं पडायचं कसं? मी दुपारी त्यांच्या घरी बसून दोनदा भात मागून घेतला. त्यांच्या आईने मला पंख्याने वारा घातला. त्या जेवणाची आठवण आली की आजही माझी मान वर होत नाही.

परत आलो तेव्हा मुळी पाजून झाली होती. विष टोचणं माझंच काम. अजूनही वेळ होता, हे मला पहिली सुई भरताना पक्कं ठाऊक होतं. मी चोवीसही सुया दिल्या.

न पाजलेल्या बारांपैकी दहा मेले. पाजलेल्यांपैकी तीनच. साहेबांनी पेढे मागवले. दोन दिवसांत त्यांनी पत्राचा मसुदा केला, की मुळीची पूड करून गावोगाव पोलीस पाटलांकडे ठेवावी आणि साप चावलेल्याला लगेच द्यावी. मारबतेभाऊंनी पेढा घेतला, तो टेबलावर ठेवला आणि वजनांची वही उघडली. दिवसभर यंत्राची मूठ फिरत राहिली.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. दार ओढून घेतलं.

"वसंतबाबू, न पाजलेल्या बारातले दहा हलके हायेत. उरलेले दोन बरे वजनाचे होते, ते जगले. पाजलेल्यात तीन हलके होते, ते मेले. मुळीचा इथी काई संबंधच दिसत नाई. वजनी जगले, हलके मेले, बस. मी साहेबाले सांगतलं. साहेब म्हनते, चिंचोक्यानं काढले असन तं असा फरक योगायोगानं बी पडते, निकाल तसाच राह्यते. त्यायचं बी चूक नाई. पन चिंचोक्यानं असं होन लय कठीन हाये. हातानं काढले तं असंच होते. दुखनाईत हाये ते आधी हाताले येते."

मी धुतलेल्या सुया पुन्हा पुसायला लागलो.

"मी रागावत नाई," ते म्हणाले. "तुमी एवढंच म्हना, का हातानं काढले. मंग हे चोवीस मेलेले-जितलेलेच मले पुरते. वजनं मांडून साहेबाले दाखवतो, पूड इथीच थांबते. नवीन एक बी मारा लागत नाई. आन नाई थांबली, तं साप चावलेला मानूस पूड चाटून घरी बसन. दवाखान्यात येनार नाई."

इतकं सोपं करून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं होतं. एक वाक्य. माझी नोकरी कच्ची होती, साहेबांनी कायम करायचा शब्द दिला होता, ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली. खरं कारण इतकंच, की नदीवर 'हो' म्हटलं होतं आणि ते आता गिळवत नव्हतं.

"चिंचोक्यानेच काढले, भाऊ," मी म्हणालो.

ते म्हणाले, "ठीक हाये. तुमचा शब्द हाये." आणि दार उघडून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून मारबतेभाऊंसमोर तेच विचारलं. मी तेच सांगितलं. आता एकच वाट उरली होती, प्रयोग पुन्हा करणं. साहेब म्हणाले, करायचाच तर चाळीस घेऊ. मारबतेभाऊ अडून बसले. म्हणाले, जोड्या लावू. एका मायचे, एका वजनाचे दोन-दोन. एकाला मुळी, एकाला नाही. कोणाला ते चिंचोका ठरवेल. अशा सहा जोड्या, तेही सारे हलके. "मुळी खरी असन तं हलक्याले वाचवनच. शितावरून भाताची परीक्षा, साहेब. पन शीत वरचं नको, तळचं घेऊ."

एका मायचे कोण, हे फक्त लच्चूबाईला माहीत होतं. ती कुंपणात बसून एकेक उचलून सांगत गेली, "ही आन ही बहिनी. हे दोघं भाऊ." या वेळी चिंचोके मारबतेभाऊंनी स्वतः काढले. तीन दिवस मुळीही स्वतः पाजली. सुई मात्र माझ्याच हातात दिली. शिक्षा म्हणून नव्हे, ते माझंच काम होतं म्हणून.

एकेक जोडी करून पाहायची, असं त्यांनी साहेबांकडून कबूल करून घेतलं होतं. पहिल्या जोडीतले दोन्ही मेले. दुसरीतलेही. तिसरीत मुळी पाजलेलाच आधी गेला. चौथीतले दोन्ही दुपारपर्यंत संपले. मारबतेभाऊंनी पेन्सिल खाली ठेवली. "बस, साहेब. उत्तर आलं."

"दोन जोड्या राहिल्यात," साहेब म्हणाले.

"त्या राहू द्या. उत्तर आल्यावर मारन म्हनजे नुसतं मारन." आणि त्यांनी उरलेले चार आपल्या हातांनी पिंजऱ्यातून काढून कुंपणात सोडले.

मेलेले आठ मी टोपलीत भरले. त्या आठांना मरायची काहीच गरज नव्हती. माझ्या एका वाक्याने ते जगले असते, हे त्या बराकीत तिघांना माहीत होतं. टोपली उचलताना लच्चूबाई हळूच म्हणाली, "मी सांगतलं असतं बाबू, पन मले कोन पुसलं?"

साहेबांनी पूड थांबवली. पण ते दुखावले होते, वर कळवून बसले होते, आणि त्यांना कारण हवं होतं. आम्हा दोघांना समोर उभं करून त्यांनी विचारलं, "मग पहिल्या वेळी असं का झालं? कुठंतरी चूक असणार. कोणाची?"

मारबतेभाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "माया गनितात चूक झाली, साहेब," ते म्हणाले.

हातचासुद्धा कधी न चुकलेला माणूस. साहेबांनी तसं लिहिलं. महिन्याभरात सिरोंच्याला एका कचेरीत कारकून म्हणून त्यांची बदली झाली. ज्याला हिशेब जमत नाही असा सांख्यिक ठेवून काय करायचं? मी कायम झालो. पुढे दुसऱ्या शहरांत गेलो, बढत्या मिळाल्या. नव्या पोरांना जनावरं चिठ्ठीने कशी काढावीत ते मी शिकवलं, आणि चांगलं शिकवतो असा माझा लौकिक झाला. त्या कागदावर चूक अजून मारबत्यांचीच आहे. तो कागद दुरुस्त करायला मी कधी गेलो नाही.

ते निघाले त्या सकाळी मी मोटार स्टँडवर गेलो होतो. वळकटी, एक ट्रंक आणि ते. सिरोंच्याची वाट लांबची, पुढे भाषाही तेलुगू. मी विचारलं, "भाऊ, माझं नाव का नाही घेतलं?"

"तुमचं नाव घेतलं असतं तं साहेबानं तुमचं वरसभराचं सारं काम खोटं धरलं असतं," ते म्हणाले. "सारे प्रयोग पुन्हा. कुंपन खाली झालं असतं. मायं गनित चुकलं म्हनलं तं फकत कागद फाटते."

म्हणजे ते खोटं माझ्यासाठी नव्हतंच. तोवर मी आतल्या आत त्याबद्दल त्यांचा ऋणी होऊन बसलो होतो, थोडासा सुखावलोही होतो. मला तिथेच रडू आलं. मोटारवाल्याने भोंगा वाजवला. मी त्यांचे हात धरले आणि म्हणालो, "भाऊ, मी हातानेच काढले होते. मला माफ करा."

त्यांनी हात सोडवून घेतले, रागाने नाही, ट्रंक उचलायची होती म्हणून. ट्रंक टपावर दिली, पायरीवर चढले आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"मले काऊन माफी मागता, बाबू?" ते म्हणाले. "मी तं जिता हावो."